निवडणूक आली आणि घराचे दोन पक्ष झाले

११ मार्च २०२४ ची संध्याकाळ आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. मगरिबनंतर गच्चीवरून रमजानचा चांद दिसला. मुलांनी मोठ्यांना सलाम केला, दादीने हात उचलून सगळ्यांसाठी दुआ मागितली. खाली येऊन पाहतो तर टीव्हीवर एकच बातमी. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम त्याच दिवशी लागू झाले होते. कायदा डिसेंबर २०१९ चा. नियम यायला चार वर्षे लागली आणि ते आले नेमके चांद दिसण्याच्या संध्याकाळी. तरावीहची वेळ होत आली होती. मोठे चाचा टोपी शोधता शोधता एवढेच म्हणाले, "निवडणूक आली म्हणायची."

पाचव्या रोजाला, म्हणजे १६ मार्चला, निवडणूक आयोगाने तारखा जाहीर केल्या. देशात सात टप्पे, १९ एप्रिल ते १ जून. महाराष्ट्रात पाच टप्पे. आमच्या रायगडचे मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मे रोजी. त्या दोन महिन्यांत आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही वर्षभर आमच्या घरात जे चालले ते लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणायची, असे वाटत होते. पण ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाने आपल्याकडची अशीच एक गोष्ट सांगितली. कोणाचे दोन जावई एकमेकांशी बोलत नाहीत, कुठे इफ्तारच्या दस्तरखानावरून माणूस उठून गेला. शेवटी ज्या दोघांबद्दल लिहायचे त्यांनाच विचारले. दोघांनीही "लिही" म्हटले. वेगवेगळे विचारावे लागले, ही गोष्ट वेगळी.

ते दोघे म्हणजे आमचे मोठे चाचा आणि धाकटे चाचा. मोठे चाचा सत्तरीकडे झुकलेले, गावातच असतात. धाकटे चाचा वीस वर्षांहून अधिक काळ कुवेतला. आमचे वालिद मरहूम झाल्यापासून घराचा शब्द मोठ्या चाचांचा आणि घराचा खर्च निम्मा धाकट्यांचा, अशी व्यवस्था. भांडण कधी नव्हते. जमिनीवरून नव्हते, पैशावरून नव्हते.

रायगडचा पेच

बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या मतदारसंघाबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर वादाचे मूळ कळणार नाही. पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली आणि गुहागर हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून रायगड लोकसभा. पूर्वी हा भाग कुलाबा मतदारसंघात होता आणि म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले तिथून १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये निवडून गेले. २००९ मध्ये नव्या रायगड मतदारसंघात शिवसेनेच्या अनंत गीते यांनी अंतुलेसाहेबांचा पराभव केला. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना तो पराभव घरातला वाटला होता. अंतुलेसाहेब २००४ मध्ये निवडून आले, त्यानंतर २०१९ मध्ये औरंगाबादेतून इम्तियाज जलील निवडून येईपर्यंत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेला नाही.

२०२४ ला तेच गीते पुन्हा उभे. पण आता ते उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे, मशाल चिन्हावर, काँग्रेस आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने. समोर सुनील तटकरे. वर्षानुवर्षे राष्ट्रवादीचे, गावोगावी ओळख असलेले, २०१९ ला याच मतदारसंघातून निवडून आलेले. पण जुलै २०२३ पासून अजित पवारांबरोबर, म्हणजे भाजपच्या आघाडीत, घड्याळ चिन्हावर. ज्यांना आयुष्यभर मत दिले ते आता पलीकडच्या तंबूत, आणि ज्यांच्या विरोधात आयुष्यभर मत दिले ते आता अलीकडे. असा पेच आमच्या लोकांना पूर्वी कधी पडला नव्हता.

मोठे चाचा घड्याळाचे. त्यांचे म्हणणे सरळ होते. तटकरे काल आलेला माणूस नाही, दारात जाता येते, काम सांगता येते. भाजपबरोबर गेलो तरी विचार सोडला नाही, असे ते जाहीरपणे सांगतात. दिल्लीत कोण बसणार ते आपल्या गावाच्या दोनशे मतांनी ठरत नाही, पण गावाचा रस्ता ठरतो. आणि मशालीला मत? मोठे चाचा १९९३ च्या जानेवारीत मुंबईत होते. त्या दिवसांबद्दल ते घरात कधीच बोलत नाहीत, आम्ही विचारतही नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात शिवसेनेवर जो ठपका आहे तो त्यांना वाचून दाखवावा लागत नाही. त्यांचे एक वाक्य आम्हांला अजून आठवते. "तुम्ही पुस्तकात वाचलेत, मी खिडकीतून पाहिले."

धाकट्या चाचांची बाजूही कमजोर नव्हती. लोकसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, तिथे एकेक हात मोजला जातो आणि खासदाराचा हात त्याच्या आघाडीबरोबर वर जातो. नागरिकत्वाचा कायदा झाला तो तिथेच झाला. माणूस कितीही चांगला असो, तो कोणाला पंतप्रधान करणार ते पाहा. २१ एप्रिलला राजस्थानात बांसवाड्याला पंतप्रधानांनी मुसलमानांबद्दल जे भाषण केले, ते त्यांनी ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले, "भाईजान, आता बोला." १९९३ विसरलो नाही, पण तीस वर्षांपूर्वीच्या घावासाठी आजचा घाव अंगावर घ्यायचा का, असा त्यांचा सवाल होता.

आमची एकोणीस वर्षांची पुतणी, मोठ्या चाचांची नात, हिचे पहिलेच मतदान. ती दोघांनाही जुमानायला तयार नव्हती. महाराष्ट्रात ४८ जागा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के, आणि दोन्ही मोठ्या आघाड्यांनी मिळून एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. एप्रिलच्या अखेरीस काँग्रेसचे नसीम खान यांनी याच कारणावरून प्रचार समितीचा राजीनामा दिला, तेव्हा तर ती म्हणाली, "तुम्ही दोघे भांडता कशासाठी? तुम्हांला दोघांपैकी विचारले तरी कोणी?" ती नोटा दाबणार होती. नोटाला सगळ्यात जास्त मते पडली तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो, हे आम्ही तिला समजावले. तिला ते ठाऊक होते.

आता या तिघांपैकी कोण चुकीचे होते? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, आम्हांला तिघांचेही पटत होते. निवडणूक कामाचा आदेश हातात होता, प्रशिक्षण चालू होते, म्हणून आम्ही कोणाची बाजू घेतली नाही. ड्युटी हे कारण खरेच होते, पण सोयीचेही होते.

"किती घेतले?"

वाद घरात, समोरासमोर होता तोवर ठीक होते. सेहरीला उठल्यावर मोठे चाचा पुतणीला चिडवत, ती त्यांच्या ताटात खजूर ठेवत म्हणे, "दादा, ही लाच." समोरच्याचा चेहरा दिसत असला की माणूस अर्धे वाक्य गिळतो. बिघडले ते फॅमिली ग्रुपवर. त्या ग्रुपचे ॲडमिन आम्हीच.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या चाचांनी एक ऑडिओ टाकला. त्यात कोणी एक माणूस अस्सल आमच्या बोलीत सांगत होता की अमुक चार गावांच्या जमातींनी घड्याळाचा निर्णय घेतला आहे. तासाभराने धाकट्या चाचांनी एका जमातीच्या लेटरहेडचा फोटो टाकला, त्यात नेमके उलटे, मशालीचा निर्णय. दोन्हींवर दोन बाणांची खूण होती. व्हॉट्सॲपवर ती खूण म्हणजे संदेश अनेक हातांतून फिरत आला आहे, पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. असा संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. कंपनीने एवढी अडचण करून ठेवली आहे ती काही उगाच नाही. पण आमचे लोक चिकाटीचे, एकेक करून चाळीस ठिकाणी पाठवतात.

त्या लेटरहेडवरच्या जमातीचे सेक्रेटरी आमच्या ओळखीचे. फोन केला. ते म्हणाले, बैठकच झाली नाही, निर्णय कुठला? कोणीतरी जुन्या पत्राचा वरचा भाग घेऊन खाली नवा मजकूर जोडला होता. ऑडिओतल्या चारपैकी दोन गावांत विचारले, तिथेही तेच उत्तर. ही शहानिशा करायला आम्हांला वीस मिनिटे लागली. ती ग्रुपवर सांगायला तीन दिवस लावले. प्रशिक्षणाची गडबड होती, आणि मनात हेही होते की दोघांना एकदम खोटे पाडायचे तर कोणत्या तोंडाने.

त्या तीन दिवसांत व्हायचे ते झाले. मोठ्या चाचांनी लिहिले की परदेशात बसून आम्हांला शिकवू नका, ज्याला मत द्यायचे नाही त्याने मत सांगू नये. हे धाकट्यांना लागले. कुवेतमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१० च्या दुरुस्तीपासून मतदार म्हणून नोंद करता येते, पण मत द्यायला गावी यावे लागते, पासपोर्ट घेऊन. मतदान मंगळवारचे, तिकीट परवडायचे कसे? २०२४ ला परदेशी मतदार म्हणून १ लाख १९ हजारांवर नोंदी होत्या आणि प्रत्यक्ष मत दिले २ हजार ९५८ जणांनी, तेही बहुतेक केरळात. तिकडे राबणाऱ्या माणसाला आपला हक्क कागदावरच आहे हे ठाऊक असते. ते कोणी तोंडावर बोलले की दुखते. रात्री दीड वाजता धाकट्या चाचांनी उत्तर लिहिले. दोनच शब्द. "किती घेतले?"

सकाळी उठून आम्ही ते पुसले. ॲडमिनला पुसता येते. पण मोठ्या चाचांनी फजरला उठून वाचले होते. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचा चहा फुकट घेतला नाही, त्याला त्याच्या सख्ख्या भावाने पस्तीस नातेवाइकांसमोर विचारले होते. ते काही बोलले नाहीत. फक्त ग्रुपवर ती राखाडी ओळ आली, ते बाहेर पडल्याची.

सूरह हुजुरात आम्ही शाळेत मुलांकडून पाठ करून घेतो. त्या एका सूरहमध्ये बातमी आली की आधी शहानिशा करण्याचा हुकूम आहे, एकमेकांची चेष्टा करू नये, वाईट नावे ठेवू नयेत हे आहे आणि बदगुमानी, टेहळणी व गीबत यांची मनाईही आहे. आमच्या ग्रुपवर आठवड्याभरात हे सगळे मोडून झाले होते, तेही रमजान संपून तीन आठवडे झाले नव्हते तेव्हा. आणि गंमत अशी की दोन्ही बाजू एकमेकांना आयती पाठवत होत्या. आपल्याकडचे अनेक उलेमा मताला शहादत मानतात, साक्ष. साक्ष लपवू नये, खोटी देऊ नये. इथपर्यंत सगळे मान्य करतात. पण माझी साक्ष तुझ्यापेक्षा वेगळी निघाली म्हणून तू विकला गेलास, हे कोणत्या किताबात आहे?

उहुदच्या लढाईआधी मदीन्यात मशवरा झाला तो प्रसंग आपण मिलादच्या बयानांत ऐकतो. हुजूर (सल्ल.) यांचा कल शहरात राहून मुकाबला करण्याकडे होता. तरुणांचा, विशेषतः ज्यांना बद्रला जाता आले नव्हते त्यांचा, आग्रह बाहेर पडण्याचा. त्यांचे ऐकले गेले आणि उहुदला मुसलमानांना फार मोठे नुकसान सोसावे लागले. "बघा, आम्ही सांगत होतो" असे म्हणायची याहून मोठी जागा कुठली? पण त्यानंतर सूरह आले-इमरानच्या १५९ व्या आयतीत आले ते नरमाई, माफी आणि पुढेही मशवरा घेत राहण्याचा हुकूम. आणि कोकणातले आपण बहुतेक शाफई. इमाम शाफई (रह.) यांचा त्यांचे शागिर्द यूनुस सदफी यांच्याशी एकदा एका मसल्यावर वाद झाला, दोघे उठून गेले. पुन्हा भेट झाली तेव्हा इमामसाहेबांनी त्यांचा हात धरला आणि विचारले की एका मसल्यावर जमले नाही तरी आपण भाऊ म्हणून राहू शकत नाही का. आम्ही हे मोठ्या चाचांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "इमामसाहेबांना कोणी 'किती घेतले' विचारले नव्हते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

खोट्या पत्राबद्दल एक गोष्ट कायद्याची सांगून ठेवतो, कारण पुढच्या वेळीही अशी पत्रे फिरणारच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट व्यवहार आहे, त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले की यात नुसता उमेदवाराचा धर्म नाही, मतदाराचा धर्मही येतो. जमातीच्या नावाचे पत्र, खरे असो वा खोटे, दुसऱ्या बाजूच्या हातात आयते कोलीत असते. ते पाहून पलीकडच्या वस्तीत काय सांगितले जाते, हे आम्ही चहाच्या टपरीवर कानांनी ऐकले आहे.

दादीचे मत

दादी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. २०२४ च्या लोकसभेला पंचाऐंशी वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. बीएलओने आणून दिलेला १२-ड नमुना आम्हीच भरला होता. ठरलेल्या दिवशी पथक आले. दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मतपत्रिका दिली, सगळ्यांना बाहेर काढले. दादीने जाहीरनाम्यावर उर्दूत सही केली, हात थरथरत होता म्हणून वेळ लागला. मग आडोशामागे गेली. पाकीट बंद करून पेटीत टाकले आणि पथक निघून गेले.

त्या दिवशी मोठे चाचा ओटीवर बसलेले. आठ दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली. "आई, कोणाला दिलेस?" तेवढ्यात कुवेतहून व्हिडिओ कॉल, तिकडूनही तोच प्रश्न. दादीने दोघांकडे पाहिले, म्हणजे एकाकडे आणि एका फोनकडे, आणि म्हणाली, "मग सरकारने तो पुठ्ठा कशाला आणला होता?" आणि पान लावायला घेतले.

तिने आजतागायत सांगितलेले नाही. पुतणीने खूप प्रयत्न केले.

७ मेला आम्ही दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रावर होतो. आमचे मत आधीच सुविधा केंद्रावर टाकून झाले होते. पहाटे साडेपाचला मॉक पोल, किमान पन्नास मते, एजंटांसमोर मोजून दाखवायची, मग यंत्र साफ करून सील. घड्याळाचा एजंट आणि मशालीचा एजंट एकाच बाकावर संध्याकाळी सहापर्यंत. दुपारी एकाच्या डब्यात सुकटीची चटणी होती, दुसऱ्याकडे भाकऱ्या जास्त होत्या. त्यांचे जेवण कसे झाले ते सांगायला नको. मतदान संपल्यावर दोघांनी १७-क नमुन्याच्या प्रती घेतल्या, आकडे जुळवले आणि एका मोटारसायकलवरून गेले.

रात्री यंत्रे जमा करून, बारा वाजून गेल्यावर फोन पाहिला तर घरून सात मिस्ड कॉल. काळजात धस्स झाले. निघाले ते वेगळेच. मोठ्या चाची मतदानाला गेल्या होत्या आणि यादीत त्यांचे नावच नव्हते. मागच्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने मुंबईला होत्या, तेवढ्यात कधीतरी नाव गेले. कोणी अर्ज केला, कोणी तपासले, काही कळले नाही. दोन महिने आमच्या घरात दिल्लीपासून बांसवाड्यापर्यंत सगळ्या गोष्टींवर चर्चा झाली, आणि घरातल्या माणसांची नावे यादीत आहेत का हे कोणी पाहिले नाही. आम्हीसुद्धा नाही, जे दिवसभर दुसऱ्या गावच्या यादीवर टिकमार्क करत होतो. १९५० ला फोन केला असता तरी कळले असते. नाव घालायचा ६ नंबरचा अर्ज उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधीपर्यंत देता येतो. म्हणजे सगळा वेळ होता.

चाची कोणाला मत देणार होत्या, हे कोणी विचारलेच नव्हते. त्यांना मोठ्या चाचांचे म्हणणे मान्य असणार असे सगळ्यांनी धरून चालले होते. त्या रात्री त्या म्हणाल्या, "मला बस थांब्यावर शेड पाहिजे होती. जो बोलला असता त्याला दिले असते." मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्या रस्त्याने आमची माणसे मुंबईच्या दवाखान्यात न्यावी लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या. सुपारीचे झाड पुन्हा उभे राहायला वर्षे लागतात. त्या दोन महिन्यांतले ग्रुपवरचे संदेश आम्ही हे लिहिण्याआधी पुन्हा वाचले. महामार्ग हा शब्द एकदा आला आहे, तोही विनोदात. सुपारी एकदाही नाही.

४ जूनला निकाल लागला. तटकरे ८२ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. आमच्या घरातल्या कोणाच्या मताने काही फरक पडला नसता, असे म्हणायला जागा झाली. पण याच मतदारसंघात २०१४ ला गीते जिंकले होते ते २ हजार ११० मतांनी, आणि तेव्हा तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांवर मते पडली होती. आणि याच ४ जूनला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये निकाल ४८ मतांनी लागला. ४८ मते म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली आठ-दहा घरे.

मोठ्या चाचांनी पेढे आणले नाहीत. जिंकूनही ते खूश दिसले नाहीत.

१२ जूनला कुवेतच्या मंगाफमध्ये मजुरांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय मरण पावले. बातमी आली तेव्हा आम्ही सगळे फोनवर तुटून पडलो, कोणाचाच लागेना. धाकटे चाचा दुसऱ्या भागात राहतात, सुखरूप होते. नंतर त्यांनी सांगितले की त्या दिवशी त्यांना गावाहून लागलेला पहिला फोन मोठ्या चाचांचा होता. बोलणे चाळीस सेकंदांचे. "ठीक आहेस ना?" "हो, भाईजान." "बरं." आणि ठेवला.

आम्हांला वाटले, मिटले. पाच दिवसांनी, १७ जूनला बकरी ईद. आमच्याकडे वर्षानुवर्षे मोठ्या जनावराचे सात हिस्से घरातल्या घरात होतात, त्यातला एक धाकट्या चाचांचा, पैसे कुवेतहून येतात. त्या वर्षी मोठ्या चाचांनी निरोप दिला की त्यांचा हिस्सा ते दुसरीकडे घेत आहेत. कारण सांगितले नाही. दादीने त्या दिवशी दोन घरांतून आलेले गोश्त एकाच पातेल्यात घातले, आणि खाणाऱ्यांना वेगळे काही सांगितले नाही.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक आली, २० तारखेला मतदान. तारीख जाहीर झाली त्याच संध्याकाळी आम्ही ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला संदेश पाठवता येईल असे केले. हे जूनच्या आधी केले असते तर, असे म्हणून आता उपयोग नाही. दोन-तीन जण रागावले. पुतणीने वेगळा ग्रुप काढला, त्याचे नाव 'नावे तपासा'. त्यात ती रोज एका घराची मतदार यादीतली नावे पाहून टाकत होती. मोठ्या चाचींचे नाव या वेळी आले.

त्याच महिन्यात धाकट्या चाचांनी मोठ्या चाचांना व्हॉइस नोट पाठवली. आम्ही ती ऐकलेली नाही. चाची म्हणाल्या, अकरा सेकंदांची होती आणि 'ते दोन शब्द' याच्यापुढे आवाज नीट ऐकू येत नव्हता. मोठ्या चाचांनी दोनदा ऐकली, फोन उशाशी ठेवला आणि इशाच्या नमाजला गेले. उत्तर पाठवले नाही. घड्याळ आणि मशाल यांवर त्यांचे मत जसे होते तसेच आहे, धाकट्यांचेही.

७ जून २०२५ च्या बकरी ईदच्या आठ दिवस आधी हिस्सेदारांची नावे आम्ही वहीत लिहीत होतो. सहा झाली होती. मोठ्या चाचांचा नातू सायकलवरून आला आणि दारातूनच म्हणाला, "दादांनी सांगितलंय, सातवा आमचा धरा. आणि कुवेतच्या दादांचे पैसे आले नसतील तर सध्या आम्ही भरतो."